छावणीतून चालणारा परमेश्वर

शास्त्रपाठ : अनुवाद २३:१२-१४

सरोजिनी नगरसारख्या दाट वस्तीतील तरुणमंडळी दिल्लीच्या रिजवरील संजय वनात, किंवा सुटीत हिमालयाच्या रानवाटांनी निघाली, म्हणजे एक अडचण कोणी उघड बोलत नाही : शौचास कोठे जावयाचे? शास्त्र मात्र ती टाळीत नाही.

मोशे इस्राएलास सांगतो की, छावणीबाहेर जागा ठरवावी, हत्यारांबरोबर खणण्याचे साधन बाळगावे आणि मळ मातीने झाकावा. या साधनासाठी मूळ इब्री शब्द आहे ‘यातेद’. शास्ते ४:२१ मध्ये याएलेच्या हातातील तंबूच्या मेखेलाही हाच शब्द आहे. देहाची गरज येथे पाप ठरविलेली नाही. परंतु गरजेच्या नावाखाली भूमी विटाळण्याची मोकळीकही दिलेली नाही.

कारण १४ व्या वचनात आहे : परमेश्वर छावणीतून चालतो. हेच क्रियापद, याच रूपात, उत्पत्ती ३:८ मध्ये एदेन बागेत फिरणाऱ्या परमेश्वराविषयी येते. बाग असो वा छावणी, तो तेथे चालतो. मग रानवाट त्याला परकी कशी?

म्हणून जवळच्या वनात जाताना शौच घरीच उरकावे. दूरच्या रानात खुरपे न्यावे. पाणी व पायवाट यांपासून सुमारे ६० मीटर दूर, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा खणून तो नंतर बुजवावा. कागद पिशवीत परत आणावा. खडकाळ वा बर्फाळ जागी मळही. ओझे थोडेसे वाढेल. पण मागून येणाऱ्या शेजाऱ्यावर प्रीती करण्याचा हाही एक मार्ग आहे.

मननासाठी : आपल्या सहलीच्या सामानात खुरपे आहे काय?