बटन बंद, तरी शॉक!

गणपती आठ दिवसांवर आले होते. घरोघरी साफसफाई चालू होती. वसईतील एक साठीचे गृहस्थ हात सांभाळत दवाखान्यात आले. मनगट सुजून वाकडे झाले होते. छताचा जुना दिवा काढून नवा बसवताना त्यांना झटका बसला आणि ते स्टुलावरून खाली आले. त्यांच्या पत्नी पुन्हापुन्हा सांगत होत्या, "डॉक्टर, ह्यांनी बटन बंद केलं होतं हो! मी स्वतः पाहिलं."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. बटन बंद होते आणि शॉकही बसला होता. हे कसे घडते, ते आज पाहू.

बटन का पुरत नाही?

दिव्यापर्यंत दोन वायरी येतात. एक फेजची, तिच्यात वीज असते, दुसरी न्यूट्रलची. बटन फेजच्या वायरीवर हवे. पण घाईत केलेल्या वायरिंगमध्ये ते कधी न्यूट्रलवर बसवले जाते. मग बटन बंद करताच दिवा विझतो, परंतु होल्डरमध्ये वीज तशीच राहते. या गृहस्थांच्या घरी वायरमनने पाहिले, तेव्हा हेच निघाले.

दुसरे कारण आपल्या पावसाचे. गच्चीवरचे पाणी स्लॅबमध्ये मुरते आणि वायरीच्या पाइपातून दिव्यापर्यंत उतरते. दिव्याभोवती ओल दिसली, तर त्या बटनाला हात न लावता मेन स्विच बंद करावा व वायरमनला बोलवावे. जुलै २०१८ च्या पुरात वसई-विरारच्या अनेक भागांत वीज बंद होती. आपण सारे वैतागलो होतो. पण पाणी आणि वीज एकत्र येण्यापेक्षा अंधार बरा.

तिसरे कारण इन्व्हर्टर. मेन स्विच बंद केला की इन्व्हर्टरला वाटते, वीज गेली. आणि तो आपणहून दिव्यांना वीज देऊ लागतो. म्हणून तोही बंद करायला हवा.

शरीरात काय होते?

एक मिलिअँपिअर प्रवाहाने मुंग्या येतात. दहा ते वीसच्या दरम्यान स्नायू आखडतात व धरलेली वायर सोडता येत नाही. पन्नासच्या पुढे हृदयाची लय बिघडून ते थांबू शकते. पंधरा वॅटच्या झिरोच्या बल्बला साधारण ६५ मिलिअँपिअर लागतात, म्हणजे एवढासा प्रवाहही जीव घेऊ शकतो. घामाने किंवा पाण्याने भिजलेल्या त्वचेतून तो अधिक सहज शिरतो. फ्यूज वाचवील, असे समजू नका. फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो. पाच अँपिअर म्हणजे पाच हजार मिलिअँपिअर! माणसासाठी ३० मिलिअँपिअरचे आर.सी.सी.बी. बसवून घ्यावे. तेही सर्व प्रकारच्या शॉकपासून वाचवत नाही, हे ध्यानात असू द्या.

पडणे हा दुसरा धोका

छताखाली बसलेला झटका सौम्य असला, तरी तोल जातो. मान मागे टाकून वर पाहिले की उतारवयात चक्कर येते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे, मधुमेहाने पावले बधिर झालेले, यांनी स्टुलावर चढूच नये. टेबलावर स्टूल ठेवणे तर कोणीही टाळावे.

काम करताना

१. दिवसाच्या उजेडात काम करा. मेन स्विच व इन्व्हर्टर दोन्ही बंद करा. घरच्यांना सांगून ठेवा.
२. टेस्टर आधी चालू प्लगवर लावून तो ठीक आहे, याची खात्री करा. मग मेन बंद केल्यावर दिव्याच्या दोन्ही वायरींना लावा.
३. हात कोरडे व पायात रबरी चप्पल असावी. लोखंडी वा अ‍ॅल्युमिनियमची शिडी नको. लाकडी घोडा चालेल, पण तो धरायला माणूस हवा.
४. वायर जळकी, ठिसूळ किंवा ओली दिसली, तर तिथेच थांबा. पुढचे काम वायरमनचे.

शॉक बसल्यास

चिकटलेल्या माणसाला हाताने ओढू नका. प्रथम मेन बंद करा. ते जमत नसेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला वेगळे करा. १०८ ला फोन करा. तो बेशुद्ध असून नीट श्वास घेत नसेल, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोराने दाबा: सुमारे पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. कांदा हुंगवण्यात, तळवे चोळण्यात वेळ घालवू नका. उंचावरून पडला असेल, तर मान हलू देऊ नका व उठवून बसवू नका.

शुद्धीवर असलेल्यानेही छातीत धडधड, हात बधिर होणे, भाजणे किंवा लघवी तांबूस होणे यांपैकी काही दिसल्यास ताबडतोब रुग्णालयात जावे. गरोदर स्त्रीने काही त्रास नसला तरी जावे. विजेचा चटका बाहेरून बटनाएवढा दिसतो, पण आत स्नायू भाजलेले असू शकतात.

आमच्या गृहस्थांचे मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होते. त्या वर्षी आरतीला टाळ्या वाजवणे राहिले. पण आरतीला ते उभे होते, हेच पुष्कळ. तेव्हा वाचकहो, दिव्याला हात लावण्यापूर्वी बटनापाशी थांबू नका, मेनपर्यंत जा.