ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगचे सांधे कसे तपासावेत?

शेतात नांगरट करताना स्टिअरिंग थोडे सैल असले तरी काम अडत नाही. म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. परंतु उसाने भरलेली ट्रॉली घेऊन तोच ट्रॅक्टर रस्त्यावर आला आणि झिजलेला सांधा निखळला, तर पुढील चाके चालकाच्या ताब्यात राहत नाहीत. याकरिता वाहतुकीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी दोघांनी मिळून पुढील तपासणी करावी.

(१) ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून हातब्रेक लावावा, मागील चाकांना दगड लावावेत व इंजिन बंद ठेवावे.

(२) एकाने स्टिअरिंगचे चाक थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवावे. दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर बोटे ठेवावीत. एक बाजू हलूनही तिला जोडलेली दुसरी बाजू क्षणभर स्थिर राहिल्यास तो सांधा झिजला आहे, असे समजावे. सर्व सांधे घट्ट असल्यास दोष स्टिअरिंग बॉक्समध्ये शोधावा.

(३) पुढील आस जॅकने उचलून खाली भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत. चाक पुढून व मागून धरून हलवावे. ते खडखडल्यास टाय रॉडचे सांधे पाहावेत. वरून व खालून धरून हलत असल्यास बेअरिंग किंवा किंग पिन तपासावी.

झीज सांध्यातील गोळ्याची व वाटीची असल्याने नट आवळून ती भरून निघत नाही. असा सांधा बदलावा, नवी कॉटर पिन घालावी आणि पुढील चाकांचे टो-इन पुस्तिकेप्रमाणे जुळवून घ्यावे. फाटलेल्या रबरी टोपणातून माती आत शिरते. तेही वेळीच बदलावे.