पाठ १४ : स्तनपान सल्लागार

स्तर ४ · व्यवसायांची ओळख

वाचण्यापूर्वी

१. तुम्ही खरवस खाल्ला आहे का? तो कशापासून करतात?
२. तुमच्या घरी बाळ जन्मलं, तेव्हा भारतातून मदतीला कोण आलं होतं? किती दिवस राहिलं?

वाचन

गाय किंवा म्हैस व्यायली की तिच्या पहिल्या दिवसांतल्या घट्ट, पिवळसर दुधाला ‘चीक’ म्हणतात. त्याचाच खरवस होतो. माणसाच्या आईलाही असा चीक येतो. तो अगदी थोडा, काही चमचेच असतो. पण त्यात बाळाला आजारांपासून वाचवणारे घटक भरपूर असतात. दूध साधारण दोन ते चार दिवसांनी वाढतं. हे माहीत नसलं, तर नवी आई घाबरते. तिला वाटतं, आपल्याला दूधच येत नाही.

पूर्वी बाळंतपणासाठी मुलगी माहेरी जात असे. तिथे आई, आजी, मावशी, काकू असत. शेक, धुरी, अळिवाचे लाडू, शेपूची भाजी हे सगळं आपोआप व्हायचं. बाळाला कसं धरायचं, तेही कोणीतरी शेजारी बसून दाखवायचं. दुबईत किंवा शारजात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आईकडे एवढी माणसं नसतात. आजी येते, पण तिचा व्हिसा संपला की तिला परत जावं लागतं.

शिवाय नोकरी असते. संयुक्त अरब अमिरातीत २०२२ पासून खासगी कंपन्यांसाठी नवा कामगार कायदा लागू आहे. त्यानुसार आईला ६० दिवसांची प्रसूती रजा मिळते: ४५ दिवस पूर्ण पगारी आणि १५ दिवस अर्ध्या पगारी. कामावर परतल्यावर, बाळंतपणापासून सहा महिने होईपर्यंत, बाळाला पाजण्यासाठी रोज एक किंवा दोन वेळा सुट्टी घेता येते. ती मिळून एक तासापेक्षा जास्त नसावी. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यावं. मग साठ दिवसांनंतर काय करायचं? पंप कधी वापरायचा, दूध कुठे ठेवायचं, पाळणाघरात काय सांगायचं? अशा प्रश्नांसाठी स्तनपान सल्लागार असते.

ती नेमकं काय करते? हा संवाद वाचा. बाळाचा हा तिसरा दिवस आहे.

आई : ताई, मला दूधच येत नाहीये. बाळ सारखं रडतंय. आणि पाजताना इतकं दुखतं ना, की नको वाटतं.
आजी : मी जावईबापूंना पावडरचा डबा आणायला सांगितलाय. उपाशी कसं ठेवायचं लेकराला?
सल्लागार : बरोबर आहे काकू, उपाशी नाहीच ठेवायचं. आधी जरा बघूया. आज किती लंगोट ओले झाले?
आई : तीन.
सल्लागार : तिसऱ्या दिवशी तीन म्हणजे ठीक चाललंय. दिवसातून किती वेळा पाजतेस?
आई : चार-पाच वेळा. झोपलं की उठवत नाही मी.
सल्लागार : आठ ते बारा वेळा पाजायला हवं. जितकं पाजशील, तितकं दूध वाढेल. आता बाळाला जवळ घे. त्याचं पोट तुझ्या पोटाला लागू दे. मोठा आ केला की मगच लाव. नुसतं बोंड नको, भोवतीचा काळा भागही तोंडात जाऊ दे. दुखतंय का अजून?
आई : नाही… खूप कमी झालं.
सल्लागार : काकू, तिच्या पाठीला उशी देता का? तुम्ही आहात म्हणून बरं आहे.
आजी : देते की! आमच्या वेळी हे असं कोणी समजावून सांगितलं नाही गं.

सल्लागाराने इथे औषध दिलं नाही. तिने विचारलं, पाहिलं आणि बाळाची पकड सुधारली. आजीला चूक ठरवलं नाही. उलट तिला काम दिलं. पण बाळ सुस्त पडलं असतं, लंगोट कोरडे राहिले असते किंवा वजन फार घटलं असतं, तर तिने लगेच डॉक्टरांना बोलावलं असतं. कधीकधी बाळाला डब्याचं दूध द्यावंच लागतं. तेव्हा आईला अपराधी वाटू न देणं हेही याच कामात येतं. काही गोष्टी मात्र तिला स्पष्ट सांगाव्या लागतात. उदाहरणार्थ, बाळाला मध चाटवण्याची पद्धत. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, कारण त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

शिक्षण आणि परीक्षा

या व्यवसायातली जगभर मानली जाणारी पदवी म्हणजे ‘आयबीसीएलसी’. तिची परीक्षा घेणारं आंतरराष्ट्रीय मंडळ १९८५ मध्ये सुरू झालं. परीक्षेला बसण्यासाठी तीन गोष्टी लागतात.

पहिली, आरोग्यशास्त्राचे १४ विषय. शरीररचना, पोषण, बाळाची वाढ, मानसशास्त्र, प्रथमोपचार वगैरे. नर्स, सुईण, डॉक्टर, आहारतज्ज्ञ अशा लोकांना हे पुन्हा शिकावं लागत नाही.

दुसरी, स्तनपानाविषयीचं ९५ तासांचं शिक्षण. त्यातले ५ तास संवादकौशल्याचे असतात. म्हणजे कसं विचारायचं आणि कसं ऐकायचं, हेही शिकायचं असतं.

तिसरी, प्रत्यक्ष काम. इथे तीन मार्ग आहेत. आरोग्य क्षेत्रात आधीच काम करणाऱ्यांना मागच्या पाच वर्षांत १,००० तासांचा अनुभव दाखवावा लागतो. मान्यताप्राप्त महाविद्यालयीन अभ्यासक्रम केला, तर देखरेखीखाली ३०० तास पुरतात. अनुभवी सल्लागाराच्या हाताखाली शिकायचं असेल, तर ५०० तास.

हजार तास ऐकून घाबरू नका. बाळंतिणींच्या वॉर्डातली नर्स आठवड्याला चार तास जरी हे काम करत असेल, तरी वर्षाला पन्नास आठवडे धरून पाच वर्षांत हजार तास भरतात. परीक्षेत १७५ बहुपर्यायी प्रश्न असतात, काही चित्रांवर आधारित असतात. प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं. मग त्याचं नूतनीकरण करावं लागतं. नियम बदलत राहतात, म्हणून अर्ज करण्याआधी मंडळाची ताजी माहितीपुस्तिका वाचावी.

एक गोष्ट लक्षात ठेवा: प्रमाणपत्र आणि परवाना वेगळे. अमिरातीतल्या दवाखान्यात रुग्णांना तपासायचं, तर तिथल्या आरोग्य खात्याचा परवाना लागतो. दुबईत दुबई हेल्थ ऑथॉरिटी, अबू धाबीत तिथला आरोग्य विभाग. पदवीची कागदपत्रं खरी आहेत का, हे थेट कॉलेजकडून तपासलं जातं. म्हणून अनेकजणी आधी नर्स होतात, परवाना घेतात आणि मग ही परीक्षा देतात.

वेगवेगळी घरं, वेगवेगळ्या रीती

अमिरातीत अनेक देशांचे लोक राहतात, त्यामुळे रीतीही समजून घ्याव्या लागतात. मराठीत ‘दूधभाऊ’ हा शब्द आहे: एकाच आईचं दूध प्यायलेले, पण वेगळ्या घरचे भाऊ. इस्लामी कायद्यात या नात्याला फार महत्त्व आहे. दूधभाऊ आणि दूधबहीण यांचं लग्न होऊ शकत नाही. त्यामुळे कोणाचं दूध कोणाच्या बाळाला दिलं, हे माहीत असणं तिथे गरजेचं असतं. मुंबईत मात्र, शीव इथल्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मानवी दूधपेढी सुरू केली. तिथे अनेक आयांनी दिलेलं दूध कमी दिवसांच्या, अशक्त बाळांना मिळतं. गरज एकच, पण रीत पाहून उपाय बदलतो.

सोयीही वाढत आहेत. शारजाने दवाखाने, कार्यालयं, पाळणाघरं आणि सार्वजनिक जागा आई-बाळासाठी सोयीच्या करण्याची मोहीम चालवली आणि २०१५ मध्ये ‘बेबी फ्रेंडली सिटी’ हा मान मिळवला. महाराष्ट्रात अनेक एसटी स्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी ‘हिरकणी कक्ष’ असतो. हिरकणी ही रायगडावर दूध विकायला येणारी गवळण. गडाचे दरवाजे बंद झाले, तेव्हा घरी तान्हं बाळ आहे म्हणून ती अंधारात कडा उतरून गेली, अशी कथा आहे. आज साठ दिवसांनी कामावर जाणाऱ्या आईपुढे कडा नाही, पण अडचण तीच आहे: बाळापर्यंत पोचायचं कसं?

तुम्ही मराठी शिकताय, त्याचाही इथे उपयोग आहे. इंग्रजी उत्तम येणारी आईसुद्धा रात्री तीन वाजता, दुखत असताना, मराठीतच बोलते.

लेखी आणि बोली

स्तनपान करणे – अंगावर पाजणे
स्तनाग्र – बोंड
दुधाचे प्रमाण कमी असणे – दूध न पुरणे
वेदना होत आहेत – दुखतंय

शब्दार्थ

बाळंतीण – नुकतंच बाळ झालेली बाई
धुरी – ओवा वगैरे निखाऱ्यावर टाकून दिलेला धूर
पकड – इथे, बाळाने स्तन तोंडात धरण्याची पद्धत
नूतनीकरण – मुदत संपल्यावर पुन्हा नवं करणं
तान्हं – अंगावर पिणारं, अगदी लहान

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तर लिहा : (अ) चीक म्हणजे काय? (आ) प्रमाणपत्र आणि परवाना यांत फरक काय?
२. गणित करा : देखरेखीखाली ५०० तास भरायचे आहेत. आठवड्याला १० तास काम केलं, तर किती आठवडे लागतील?
३. संवादातली आजीची वाक्यं लेखी मराठीत लिहा.
४. सल्लागार आजीला ‘काकू’ आणि ‘तुम्ही’ म्हणते, आईला ‘तू’ म्हणते. का? वर्गात चर्चा करा.
५. तुमच्या आईला किंवा आजीला विचारा : बाळंतपणात कोणी, काय शिकवलं? त्यांचे शब्द जसेच्या तसे, पाच वाक्यांत लिहून आणा.