शाबासकीची मोजदाद

गेल्या आषाढी वारीत आमच्या दिंडीत सोळा वर्षांचा एक मृदंगी होता. हात गोड, बोल स्वच्छ. नातेपुत्याच्या मुक्कामी हा पोर मृदंगाला हातच लावीना. चौकशी केली, तेव्हा कळले की आपल्या वादनाची चित्रफीत त्याने इन्स्टाग्रामवर घातली होती आणि अनोळखी लोकांनी तिची टवाळी केली होती. तीन रात्री तो राहुटीत मोबाईल पाहत जागाच. मी रागावलो, मोबाईल काढून घेतला. पोर अधिकच मुका झाला. चुकलेच माझे.

आता पाहा, कीर्तनात वाजविणारा चुकला तर टाळकरी सावरून घेतात. तेथे सावरणारे कोण? फेसबुकने २००९ साली पसंतीचे बटण आणले आणि शाबासकी आकड्यांत मोजली जाऊ लागली. त्याआधी, २००६ मध्ये, अझा रास्किन या गृहस्थाने न संपणाऱ्या पानाची युक्ती काढली होती. अहो, आपल्या पोथीचा अध्याय संपतो, पोथी बांधून ठेवता येते. ही पोथी बांधायची कशी? शिवाय शाबासकी कधी मिळते, कधी नाही. जुगारी याच आशेने बसून राहतो. 'व्यसन' हा शब्द 'वि' उपसर्ग आणि फेकणे या अर्थाचा 'अस्' धातू यांपासून झाला आहे. मन जागचे फेकले जाते, ते असे.

अमेरिकेचे त्या वेळचे सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी मे २०२३ मध्ये इशारा दिला, की रोज तीन तासांहून अधिक वेळ यात घालविणाऱ्या मुलांना खिन्नता, चिंता अशा विकारांचा धोका दुप्पट असतो. पण काही मुलांना येथे सोबत मिळते, हेही त्यांनी सांगितले. म्हणून नुसत्या शिव्या घालून भागत नाही. झोप उडाली, जेवण तुटले, 'जगून काय करू' अशी भाषा आली, तर घरच्यांनी 'टेलि-मानस'च्या १४४१६ क्रमांकावर बोलावे. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सोय आहे. मोफत, रात्रंदिवस, मराठीतही. यात लाज कसली? ताप आला तर वैद्याकडे जातोच ना!

असो. दुसऱ्या दिवशी वाटेत मी मोबाईल परत दिला. म्हटले, "बाळा, काय लिहिलंय ते मला वाचून दाखव." वाचता वाचता तो रडला. मग म्हणाला, "महाराज, एकाचं मात्र खरं आहे. माझी लय पळते."

"पळते खरी," मी म्हटले. माळशिरसपर्यंत आम्ही दोघे लयीवरच बोलत गेलो.