एम्.आर्.आय्.द्वारे ऊतींतील रक्तप्रवाहाचे मापन

व्यानवायू रसधातूचे सर्व देहात एकाच वेळी व अखंड विक्षेपण करतो, असे चरकाचार्यांनी ग्रहणीचिकित्सेच्या अध्यायात सांगितले आहे. हे विक्षेपण अमुक अवयवात किती होते, हे मोजण्याचा प्रश्न आधुनिक शरीरक्रियाशास्त्रापुढेही दीर्घकाळ होता. १९४० च्या दशकात केटी व श्मिट यांनी रुग्णास नायट्रस ऑक्साइड वायू हुंगवून मेंदूचा रक्तप्रवाह मोजला. परंतु त्यासाठी धमनीत व मानेतील सिरेत सुई घालावी लागे, आणि हाती येई ती केवळ संपूर्ण मेंदूची सरासरी. १९९२ मध्ये अमेरिकेत डेट्रे, कोरेट्स्की प्रभृतींनी उंदरांवर प्रयोग करून सुईविरहित मार्ग दाखविला. त्यास ‘आर्टेरियल स्पिन लेबलिंग’, संक्षेपाने ए.एस्.एल्., म्हणतात.

तत्त्व सोपे आहे. शेताच्या पाटात वरच्या बाजूस रंग टाकावा व तो कोणत्या वाफ्यात किती पोहोचला ते पाहावे, तसेच हे. येथे रंग म्हणजे रक्तातीलच पाणी. मानेच्या पातळीवर रेडिओलहरींनी धमनीतील जलकणांचे चुंबकत्व उलटे करतात, सुमारे पावणेदोन ते दोन सेकंद थांबतात व मेंदूची प्रतिमा घेतात. नंतर अशी खूण न करता दुसरी प्रतिमा घेऊन वजाबाकी करतात. उरतो तो फरक जेमतेम एक टक्क्याच्या आसपास; म्हणून तीच क्रिया काही मिनिटे पुनःपुन्हा करावी लागते. त्या वेळी रुग्णाने डोके हलविले की प्रतिमा बिघडली.

प्रौढ मेंदूत दर १०० ग्रॅम ऊतीस मिनिटाला सरासरी ५० मि.लि. रक्त मिळते. ते २० च्या खाली गेले की कार्य थांबते. १० च्या आसपास पेशी लवकरच मरतात. पक्षाघातात या दोहोंमधला भाग वाचविता येण्याजोगा असतो, परंतु फार वेळ नव्हे. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. म्हणून नुकतेच तोंड वाकडे झालेला, वाचा अडखळणारा रुग्ण आपल्या दारी आल्यास नस्य, बस्तीचा विचार नंतर. आधी त्यास सी.टी. व मेंदूविकारतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात धाडावे. पनवेलमध्ये बसून त्यास थांबवून ठेवण्याचे कारण नाही.

मेंदूच्या अर्बुदावर किरणोपचार झालेले रुग्णही आपल्याकडे रसायनासाठी येतात. आपल्याच तालुक्यात खारघरला टाटा स्मारक केंद्राचे ‘अ‍ॅक्ट्रेक’ आहे. किरणोपचारानंतर दिसणारा नवा डाग अर्बुदाची पुनरुत्पत्ती की किरणांमुळे मृत झालेली ऊती, हे नेहमीच्या प्रतिमेवरून पुष्कळदा कळत नाही. पुनरुत्पत्तीत रक्तप्रवाह बहुधा वाढलेला, मृत ऊतीत घटलेला आढळतो. ए.एस्.एल्.ला गॅडोलिनियमचे इंजेक्शन लागत नाही, हा वृक्क दुर्बल असलेल्यांना मोठाच लाभ.

अहवाल वाचताना मात्र सावध असावे. मानेची धमनी अरुंद झालेल्या वृद्धात खूण केलेले रक्त उशिरा पोहोचते. तोवर खूण विरते, आणि प्रवाह पुरेसा असूनही तो भाग रिता दिसतो. ‘रक्तप्रवाह कमी’ एवढ्या शब्दांवर निदान करू नये. चहा-कॉफीतील कॅफीननेही मेंदूचा रक्तप्रवाह घटतो. दोन तपासण्यांची तुलना करावयाची असेल तर दोन्ही वेळी पथ्य सारखे हवे. या आकड्यास ‘व्यानाचे माप’ म्हणण्याचा मोहही, प्रस्तुत लेखकाच्या मते, आवरावा: यंत्र पाण्याची गती मोजते, वायूचे कर्म नव्हे.

पांडुरोग्यांच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. रक्त पातळ असता त्यातील खूण अधिक काळ टिकते, आणि यंत्र नेहमीचेच गणित लावल्यास प्रवाह आहे त्याहून जास्त दाखविते. शिवाय पांडुरोगात मेंदूचा प्रवाह मुळातच वाढलेला असतो. तेव्हा अशा रुग्णास तपासणीस पाठविताना चिठ्ठीवर हिमोग्लोबिनचा ताजा आकडा लिहावा.