पक्षिगृह : इतिहासाचे एक साधन

इतिहासाची साधने म्हटली की शिलालेख, नाणी, ताम्रपट आणि जुनी दफ्तरे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. प्राणिसंग्रहालयातील पक्षिगृह हेही तसेच एक साधन आहे. तेथे कोणत्या काळी कोणते पक्षी होते, ते कोठून आले आणि पुढे का दिसेनासे झाले, एवढे तपासले तरी मनुष्य आणि निसर्ग यांच्यातील नात्याचे स्थित्यंतर ध्यानात येते.

लंडनचे प्राणिसंग्रहालय १८२८ साली रीजंट्स पार्कमध्ये सुरू झाले. बाबासाहेब विद्यार्थिदशेत १९२१-२२ मध्ये ज्या घरात राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरील घर तेथून फार दूर नाही. जितक्या जाती अधिक तितका संग्रह थोर, अशी त्या आरंभीच्या काळातील समजूत होती. साम्राज्याच्या दूरदूरच्या प्रदेशांतून पक्षी पकडून जहाजांनी आणले जात. एक मेला तर त्याच्या जागी दुसरा येई. पक्ष्यांची यादी म्हणजे एका अर्थी सत्तेच्या विस्ताराची यादी होती.

१९६५ साली याच संग्रहालयात स्नोडन पक्षिगृह खुले झाले. ताणलेल्या पोलादी तारांच्या आधारावर जाळीचे उंच छत उभारलेले, आणि प्रेक्षकाने बाहेरून न पाहता आतून चालत जावे अशी रचना. आयबिस, बगळे यांसारखे पक्षी माणसांच्या डोक्यावरून उडत. पिंजरा प्रशस्त झाला. परंतु त्यात कोणी राहावे, हे अजून माणूसच ठरवीत होता.

पुढे कायदे बदलले. आपल्या देशात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालणारा साइट्स करार १९७५ पासून अमलात आला. बर्ड फ्लूच्या भीतीने युरोपीय संघाने २००५ मध्ये रानात पकडलेल्या पक्ष्यांची आयात थांबविली आणि २००७ मध्ये ती बंदी कायम केली. आता संग्रहालयांना बव्हंशी आपल्याच पिंजऱ्यांत जन्मलेल्या पक्ष्यांवर विसंबावे लागते. मोजक्याच जोड्या असतील तर जवळच्या नात्यात प्रजनन होऊन वंश दुबळा होतो. म्हणून वंशावळीची नोंद ठेवून संग्रहालये परस्परांत पक्ष्यांची देवाणघेवाण करतात. जागा मात्र मर्यादितच असते. एका जातीला पुरेशी जागा द्यायची, तर दुसरीचे नाव यादीतून गाळावे लागते. स्नोडन पक्षिगृह तर आज पक्षिगृह राहिलेले नाही. वारसा म्हणून जतन केलेल्या त्या वास्तूत २०२२ पासून आफ्रिकेतील कोलोबस माकडे राहतात.

मग पक्षिगृहाचे प्रयोजन संपले काय? याचे उत्तर प्रशांत महासागरातील गुआम बेटावर सापडते. दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजांतील मालाबरोबर तेथे तपकिरी वृक्षसर्प पोहोचला आणि त्याने बेटावरील पक्षिजीवन उद्ध्वस्त केले. तेथील खंड्याला स्थानिक लोक सिहेक म्हणतात. १९८० च्या दशकात उरलेले २९ सिहेक पकडून अमेरिकेतील पक्षिगृहांत नेण्यात आले. १९८८ नंतर रानात एकही दिसला नाही. साप अजूनही गुआममध्ये असल्यामुळे, २०२४ मध्ये नऊ सिहेक पाल्मायरा या सर्पहीन प्रवाळद्वीपावर मोकळे सोडण्यात आले. या कामात लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेचाही सहभाग आहे. पुढच्याच वर्षी त्यांनी तेथे अंडी घातली.

यावरून प्रत्येक पिंजऱ्याचे समर्थन होत नाही. छत्तीस वर्षांत सिहेकच्या अनेक पिढ्या जाळीआडच जन्मल्या आणि तेथेच संपल्या. हा तोटा कोणत्याही हिशोबात भरून निघणारा नाही. तथापि पक्षिगृह नसते, तर सोडण्यासाठी नऊ पक्षीही उरले नसते.

पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी मुलांना प्राणिसंग्रहालयात न्यावे, तेव्हा पिंजऱ्यावरील पाटी सावकाश वाचायला लावावी आणि तीन प्रश्न विचारावेत : हा पक्षी मूळचा कोठला? तो येथे का आहे? त्याच्या पिलांना परत जाता येईल असे रान उरले आहे काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पाटीवर क्वचितच असते. ते शोधण्यापासून अभ्यासाला आरंभ होतो.