भाडेकरू म्हणून सही करू नका

डिचोली

चि. बाय हिस,


तुझं पत्र आणि सोबतची कराराची झेरॉक्स मिळाली. करार दोनदा वाचला. त्यावर आईची सही अजून झालेली नाही हे पाहून जीव भांड्यात पडला. ती होऊ देऊ नकोस. बाकीचं पत्र सावकाश वाच, पण एवढं आईला आजच सांग.

तुमचं घर ज्याच्या जमिनीत आहे त्या भाटकाराचा माणूस म्हणाला म्हणून लिहितेस, की अकरा महिन्यांचा भाडेकरार करा, महिन्याला दोनशे रुपये नावापुरते द्या, करार हातात आला की गरीब भाडेकरूला सरकारकडून भाड्याची मदत मिळते, अर्ज तोच भरून देईल. इंग्लंड-अमेरिकेत कमी मिळकतीच्या भाडेकरूच्या भाड्याचा काही वाटा सरकार उचलतं, हे खरं आहे. पण मामलेदार कचेरीत माझी सारी नोकरी गेली, आणि महिन्याचं घरभाडं भरून देणाऱ्या योजनेचा एकही अर्ज माझ्या टेबलावरून गेला नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या २०२४च्या शहरी टप्प्यात भाड्याच्या घरांचा भाग आहे, पण तो घरं उभारण्यासाठी. भाडेकरूच्या हातात पैसे ठेवण्यासाठी नव्हे. आईला महिन्याचा आधार हवा असेल तर विधवांसाठी दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे. तिचा अर्ज करू. त्याला भाडेकरार लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही भाडेकरू नव्हेच. तुझे आजोबा पोर्तुगीज अमदानीत त्या भाटात राहायला आले. भाटकाराने माडांखाली जागा दाखवली, आजोबांनी स्वतः मातीच्या भिंती उभ्या केल्या. पाडणीच्या दिवशी नारळ मोजायला ते हजर असत, रात्री भाटात एक फेरी मारत. भाडं त्यांनी कधी दिलं नाही, त्यांच्याकडे कोणी मागितलंही नाही. भाटकाराच्या संमतीने त्याच्या जमिनीत असं घर करून राहणारा तो मुंडकार. ते मुंडकार होते, आणि त्यांच्या मागे त्याच घरात राहणारी तुझी आई मुंडकार आहे.

मुंडकाराचं घर एके काळी भाटकाराच्या मर्जीवर उभं असे. मर्जी फिरली की चंबूगबाळं उचलायचं. गोवा मुक्तीनंतरचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर तुमच्या पेडण्याचेच. मुंडकारांना हुसकावण्यापासून संरक्षण देणारा आजचा कायदा मात्र त्यांच्या निधनानंतर, शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना, १९७५ साली झाला. १२ मार्च १९७६ रोजी, भाऊंच्या जयंतीदिनी, तो अमलात आला. ही तारीख पाठ करून ठेव. तिच्या किमान एक वर्ष आधीपासून जो त्या घरात राहत होता आणि ज्याला बाहेर काढण्यासाठी भाटकाराने कायदेशीर पाऊल उचललेलं नव्हतं, त्याची वस्ती भाटकाराच्या संमतीनेच होती असं कायदा धरतो.

याच कायद्यात मुंडकार कोणाला म्हणायचं नाही तेही लिहिलं आहे. त्या यादीत घराच्या वापराबद्दल भाटकाराला भाडं देणारा माणूस आहे. आता ते दोनशे रुपये पुन्हा बघ. सही झाली की उद्या त्यांचा वकील तोच कागद पुढे करील आणि आपल्या सगळ्या पुराव्यांना त्या एका कागदाशी झगडत बसावं लागेल. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून पेडण्यात जमिनीला काय भाव आला आहे ते तू रोज कामावर जाता-येता पाहतेस. आजवर ज्याची कोणाला आठवण झाली नाही, तो करार आत्ताच का आला, हे त्यावरून समज.

तेव्हा अर्ज करायचाच, पण तो पेडण्याच्या मामलेदाराकडे, आई मुंडकार असल्याचं जाहीर करून घेण्यासाठी. मामलेदाराच्या मुंडकार नोंदवहीत नाव आधीच लागलंय का, ते आधी विचार. पुष्कळांची नावं लागलेली असतात आणि घरच्यांना पत्ता नसतो. मग जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढ आणि इतर हक्कांच्या रकान्यात आजोबांचं नाव शोध. सर्व्हेचा नकाशाही घे. त्या मोठ्या भाटात शिसपेन्सिलीच्या टोकाएवढा एक चौकोन दिसेल. ते तुमचं घर. मोजणीच्या वेळी ते तिथे होतं याची सरकारने स्वतःच्या हाताने केलेली खूण म्हणजे तो चौकोन, आणि माझ्या मते तोंडी साक्षीपेक्षा तिला वजन जास्त. घरपट्टीच्या जुन्या पावत्या, जुनं रेशनकार्ड, मतदारयादी, तुझ्या वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, जे सापडेल ते जमव. घरपट्टी भाटकाराच्या नावे असली तरी घाबरू नकोस. भरली कोणी ते पाहायचं.

आजोबा पगारी राखणदार होते, असं ते म्हणतील. मालकाच्या घराच्या आवारात राहणारा पगारी राखणदार मुंडकार ठरत नाही, हे खरं. पण भाटकाराची चाकरी करणारा असो वा न करणारा, दोघेही मुंडकार होऊ शकतात असं कायदा स्पष्ट सांगतो. म्हणून शेजारच्या म्हाताऱ्यांचं म्हणणं वेळेत लिहून घे: घर कोणी बांधलं, पगार कधी मिळाला का. ही माणसं थकली आहेत, बाय. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नकोस.

मुंडकारपण ठरलं की घर विकत घेण्याचा अर्ज करता येतो. किंमत मामलेदार ठरवतो. पंचायतीच्या हद्दीत घराच्या बाहेरच्या भिंतीपासून पाच मीटरपर्यंतची जागा किंवा घरासकट तीनशे चौरस मीटर मिळू शकते. त्यापलीकडच्या भाटावर हक्क सांगू नकोस. ती जमीन त्यांची आहे, आणि म्हाताऱ्या भाटकारणीने तुझ्या आईच्या बाळंतपणात केलेलं मी विसरलेलो नाही. त्यांच्या माणसाशी चढ्या आवाजात बोलू नकोस. मामांना विचारल्याशिवाय सही नाही, एवढंच सांग.

आणि म्हापशाला खोली घेऊन आईलाही तिकडे न्यायचा तुझा विचार आहे, तो तूर्त सोड. तुला नोकरीसाठी जावं लागलं तर जा. आई त्याच घरात राहू दे, चूल रोज पेटू दे. बंद घराचा मुंडकार सिद्ध करणं फार जड जातं.

येत्या रविवारी सगळे कागद घेऊन डिचोलीला ये, अर्ज मी लिहून देतो. खिडकीवर देताना मूळ कागद देऊ नकोस, प्रती दे, आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक पडल्याशिवाय तिथून हलू नकोस.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा